नफूसाचा सुळा आणि मॅडम इन्साफचा चहा

चहात साखर किती घालावी, हा प्रश्न घरातल्या घरात मिटवावा. तो एकदा चव्हाट्यावर आला की त्यातून काय निघेल याचा नेम नाही. आमच्या शहरात त्यातून एक पाणघोडी निघाली. तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. मारतो, नाही म्हणत नाही. पण ही गोष्ट घडलेली आहे, आणि जिथे ती जरा फिकी वाटली तिथेच फक्त मी चमचाभर साखर वरून घातली आहे.

शहराचं नाव सांगत नाही. नाईलच्या एका फाट्यावर आहे एवढं पुरे. यातली सगळी माणसं अजून हयात आहेत आणि सकाळी मी ज्या गाडीवर फूल, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याची उसळ, घ्यायला उभा राहतो, त्याच गाडीवर तीही वाडगं घेऊन येतात.

तर वगदी शन्नावी हे आमच्या प्राणिबागेतल्या पाणघोडा विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे एक हौद, एक बादली, एक लोखंडी कठडा आणि एक पाणघोडी. प्रमुख धरून पाच. पण वगदी रोज टाय बांधून कामावर जात. हौद घासतानाही टाय असे, फक्त त्याचं टोक शर्टाच्या दोन बटनांमधून आत खोचलेलं. ‘हुद्दा माणसाला शोभा देत नाही, माणूस हुद्द्याला देतो,’ असं ते म्हणत आणि हातातला खराटा भिंतीला टेकवून ठेवत.

पाणघोडीचं नाव नफूसा. वयानं पोक्त, अंगानं भरदार, स्वभावानं आळशी. दिवसभर पाण्यात नुसते डोळे आणि कान वर ठेवून पडायची, जशी एखादी सासू खिडकीतून गल्ली बघते. तिला वगदींचा लळा होता, असं वगदींचं मत. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात नफूसाचा खालचा सुळा वाकडा वाढायला लागला. वाढत वाढत तो वरच्या हिरडीत रुतला. ती खाईना. चारा तोंडात घ्यायची आणि अर्धा बाहेर सोडून द्यायची. डॉक्टर बुसैना या आमच्या बागेच्या तरुण पशुवैद्य. परदेशात जाऊन प्राण्यांना शिकवण्याची विद्या शिकून आलेल्या. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि संचालकांच्या खोलीत बैठक झाली. संचालक बहगत बे यांना दोनच गोष्टी आवडायच्या, उद्घाटन आणि समारोप. मधलं काही त्यांना सोसत नसे.

‘‘सुळा कापायला हवा,’’ डॉक्टर बुसैना म्हणाल्या. ‘‘नाहीतर हिरडी सडेल, आणि मग ती काही जगत नाही.’’

‘‘मग कापा की,’’ बहगत बे म्हणाले.

‘‘तोंड उघडायला हवं ना, साहेब. भूल दिली तर या वयात ती उठेलच असं मी लिहून देणार नाही. पाणघोडे भुलीतून परत येतातच असं नाही. दुसरा मार्ग म्हणजे तिनं आपण होऊन तोंड उघडायचं आणि मी करवत चालवेपर्यंत उघडं ठेवायचं. ते शिकवता येतं.’’

वगदी उठून उभे राहिले. ‘‘शिकवायचं कशाला? नफूसा माझं ऐकते.’’

‘‘ऐकते म्हणजे?’’

‘‘म्हणजे,’’ वगदी जरा अडखळले, ‘‘मी बोलत असताना ती उठून जात नाही.’’

ठरलं. बहगत बेंनी तारीखही टाकली: शम्म अन-नसीमचा दिवस. वसंताचा सण, सगळं शहर खारवलेले मासे आणि कांद्याची पात घेऊन बागेत येणार, आणि कैरोहून एक मोठे पाहुणेही येणार. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या गर्दीत नको. बहगत बे म्हणाले, गर्दी नसेल तर पाहुण्यांना काय दाखवू? आणि वगदींकडे वळून म्हणाले, ‘‘त्या दिवशी तोंड उघडलं तर ठीक. नाहीतर त्याच दिवशी भुलीची बंदूक.’’

टाय सरळ करून वगदी म्हणाले, ‘‘काळजी नसावी.’’

डॉक्टर बुसैनांची विद्या ऐकायला सोपी होती. नफूसानं आपण होऊन जांभई दिली, की त्याच क्षणी एक ठरलेला आवाज करायचा आणि लगेच उकडलेल्या रताळ्याचा तुकडा तोंडात टाकायचा. आवाज म्हणजे शाबासकी. ‘‘आणि एक लक्षात ठेवा, उस्ताज वगदी. आवाज झाला की रताळं मिळालंच पाहिजे. दर वेळी. आवाज झाला आणि रताळं आलं नाही, असं चार वेळा घडलं की तिचा विश्वास उडेल.’’

‘‘समजलं. पाणीपुरवठा खात्यावरचा माझा असाच उडालाय.’’

‘‘आवाजासाठी भांडारातून एक शिट्टी घ्या.’’

आता भांडार म्हणजे मॅडम इन्साफ. हौदाच्या बरोबर समोर त्यांच्या कचेरीची खिडकी. आयुष्यात त्यांनी शिक्क्याशिवाय कुणाला टाचणीसुद्धा दिली नव्हती, आणि शिक्का असला तरी देताना चेहरा असा करत की घेणाऱ्याला चोरी केल्यासारखं वाटावं. टेबलावर सदा चहाचा ग्लास. त्यात त्या साखर घालायच्या चार चमचे, आणि ढवळायच्या अशा की ग्लासातल्या चहाला आपण नदी असल्याचा भास व्हावा.

‘‘शिट्टी?’’ त्या म्हणाल्या. ‘‘शिट्टी सुरक्षा विभागाची वस्तू आहे. तुम्ही पहारेकरी आहात का?’’

‘‘मॅडम, पाणघोडीला शिकवायचंय.’’

‘‘मग पाणघोडीनं अर्ज करावा. त्यावर संचालकांची सही. सहीवर सरकारी गरुडाचा शिक्का.’’

गरुडाचा शिक्का ज्या कारकुनाच्या खणात बंद होता, तो कारकून उमऱ्याला मक्केला गेला होता आणि खणाची किल्ली त्याच्या कमरेला. बागेत खरा गरुड होता, पिंजऱ्यात बसून पिसं झाडत. पण त्याच्या ठशाला सरकारदरबारी किंमत नाही, हे वगदींना माहीत होतं. ते अपमान गिळून घरी आले.

घरी त्यांची बायको अवातिफ चहा घेऊन बसली होती. थोरला मुलगा मुनीर कुवेतला, त्यामुळे जगाच्या दृष्टीनं ती उम्म मुनीर आणि हे अबू मुनीर. तिनं सगळं ऐकलं, चमचा ग्लासाच्या काठावर आपटला, ‘किण किण’ आवाज झाला, आणि म्हणाली, ‘‘अबू मुनीर, शिट्टी कशाला हवी? हा काय आवाज नाही?’’

वगदी तिच्याकडे बघत राहिले. संसारात काही क्षण असे येतात की बायको हुशार आहे हे कबूल करावं लागतं. असे क्षण टाळता आले तर बरं, पण तो टळला नाही.

त्याच संध्याकाळी सराव सुरू झाला. डॉक्टर बुसैनांनी बजावलं होतं की आधी माणसावर हात बसवा. ‘‘तू पाणघोडी हो,’’ वगदी म्हणाले. अवातिफनं त्यांच्या पोटाकडे एकदा आणि तोंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मी का? तुम्ही व्हा.’’ मग वगदी गादीवर बसले, तोंड उघडलं, अवातिफनं चमचा वाजवला आणि बस्बूसाची, म्हणजे पाकातल्या रव्याची, वडी त्यांच्या तोंडात टाकली. पुन्हा उघडलं, पुन्हा वाजवला, पुन्हा वडी. सगळं ताट संपलं तेव्हा वगदींना विद्या आली होती आणि अवातिफला एक शंका.

‘‘तुम्ही डाव्या बाजूनं चावत नाही.’’

‘‘छे.’’

‘‘पाक लागला की डोळा मिटता.’’

‘‘गोडाचा आनंद होतो.’’

‘‘दाढ किडलीय.’’

‘‘उम्म मुनीर,’’ वगदी गंभीरपणे म्हणाले, ‘‘इथे एका मुक्या जिवाचा प्रश्न आहे आणि तू दाढा मोजतेस.’’ खरी गोष्ट अशी, की वगदी सिंहाच्या पिंजऱ्यात बादली घेऊन गेलेले होते, पण दंतवैद्याच्या जिन्यावर त्यांचे पाय कधी चढले नव्हते.

बातमी इमारतभर पसरायला जिना पुरला. वरच्या मजल्यावरचे हाज अबुल-युस्र हे निवृत्त रेल्वे सिग्नलवाले. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट रेल्वेसारखी दिसे. ते पायजम्यावरच खाली आले. ‘‘वगदी, ऐक माझं. जनावर म्हणजे गाडी. सिग्नल एक, रूळ एक, ड्रायव्हर एक. दोन माणसांनी सिग्नल दिला की टक्कर.’’ शेजारच्या उम्म शीरीननं सांगितलं की नफूसाला दृष्ट लागली आहे, धूप जाळा आणि सुळ्याला लवंगेचं तेल लावा. धूप वगदींनी टाळला. पण लवंगतेलाचं पावरोटीवर करून बघायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं. नफूसानं ती पावरोटी हुंगली आणि शिंकली. पाणघोडीची शिंक तुम्ही पाहिली नसेल. बहगत बेंनी पाहिली. ते नेमके कठड्यापाशी उद्घाटनाची फीत कुठे बांधायची ते बघायला आले होते, नव्या करड्या सुटात. त्या सुटाचा करडा रंग त्यानंतर पुन्हा कुणाला सापडला नाही.

पण शिक्षण चालू झालं, आणि चांगलं चालू झालं. फक्त वगदींनी ते उलटं चालवलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, आधी तोंड, मग आवाज. वगदी आधी ग्लास वाजवायचे, मग नफूसाच्या तोंडाची वाट बघायचे.

‘‘उस्ताज वगदी! आवाज शाबासकी आहे, तुम्ही त्याचा हुकूम केलात!’’

‘‘डॉक्टर, तुम्ही परदेशात शिकलात म्हणून,’’ वगदी शांतपणे म्हणाले. ‘‘आपल्या देशात चहा आधी येतो, काम नंतर. कामाआधी चमचा वाजला नाही तर माणूस हलत नाही. जनावर कसं हलेल?’’

आणि बघा गंमत, नफूसा हलली. ती याच देशात जन्मलेली. चमचा वाजला की ती कठड्याशी यायची आणि असा जबडा उघडायची की आत एखादा किराणा मालाचा दुकानदार दुकान मांडून बसावा. डॉक्टर बुसैनांनी डोक्याला हात लावला आणि मग हसून म्हणाल्या, ‘‘ठीक आहे. हुकूम तर हुकूम. पण ती लगेच मिटते. करवतीला वेळ लागतो. उघडं ठेवायला कसं शिकवणार?’’

‘‘ते पुढे बघू,’’ वगदी म्हणाले. आमच्या शहरातली अर्धी कामं याच वाक्यावर उभी आहेत.

मग एके दिवशी वगदींच्या लक्षात आलं की नफूसा आपल्याकडे पाठ करून असते. दिवसभर. तोंड भांडाराच्या खिडकीकडे आणि तेही उघडं! वगदी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले तर तिनं मान वळवून त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. ते जेवले नाहीत त्या दिवशी.

‘‘एवढी वर्षं मी हिला भरवलं,’’ ते घरी म्हणाले. ‘‘हिच्या आजारपणात मी हौदाच्या काठावर बसून राहिलो. आणि ही तोंड वासते कुणाकडे? भांडार विभागाकडे!’’

‘‘तिकडे कोण आहे?’’ अवातिफनं विचारलं.

‘‘ती इन्साफ.’’

‘‘ती काय करते?’’

‘‘करते काय! दिवसभर चहा ढव...’’ आणि वगदींच्या हातातला घास तसाच राहिला.

मॅडम इन्साफ चहा ढवळत होत्या आणि नफूसा तोंड उघडत होती. पण रताळं येत नव्हतं! आवाज झाला आणि रताळं आलं नाही. डॉक्टरांचे शब्द वगदींच्या कानात घुमले. विश्वास उडणार. सुळा राहणार. बंदूक येणार.

दुसऱ्या दिवसापासून वगदींच्या आयुष्यात धावणं सुरू झालं. खिडकीतून चमच्याचा आवाज आला की बादली उचलायची आणि असतील तिथून हौदाकडे पळायचं. कधी ते चाऱ्याच्या कोठारात असत, कधी जिराफाशी गप्पा मारत, कधी संडासात. मॅडम इन्साफचा चमचा मुहूर्त पाहत नव्हता. वगदी मध्यमवयीन, पोटानं सुखवस्तू, त्यात टाय. पळताना टाय खांद्यावरून मागे उडायचा, बादलीतली रताळी रस्त्यावर सांडायची आणि माकडांच्या पिंजऱ्यातून टाळ्या पडायच्या. हौदाशी पोचेपर्यंत मॅडमचं ढवळून होऊन पिऊन व्हायचं. पण नफूसा समजूतदार. तोंड उघडं टाकून वाट बघत असायची, आणि वगदी धापा टाकत येऊन रताळं टाकेपर्यंत मिटायची नाही.

सहकारी विचारायचे, ‘‘उस्ताज, प्रशिक्षण कुणाचं चाललंय?’’ वगदी उत्तर देत नसत. श्वास उरत नसे.

अखेर त्यांनी मॅडम इन्साफना विनंती केली. अत्यंत सभ्य शब्दांत, खिडकीबाहेरून, छातीवर हात ठेवून. चमचा जरा हळू फिरवता येईल का?

मॅडमनी चष्मा काढला. ‘‘माझ्या नवऱ्यानं, अल्लाह त्याच्यावर दया करो, आयुष्यभर माझ्या साखरेत लक्ष घातलं नाही. तुम्ही कोण?’’

‘‘मॅडम, मुक्या जिवाचा प्रश्न आहे.’’

‘‘मी काय बोलकी आहे म्हणून माझा जीव नाही?’’ आणि त्यांनी त्यांच्यासमोरच पाचवा चमचा घालून ढवळायला घेतलं. वगदींना बोलणं अर्धवट टाकून पळावं लागलं.

हाज अबुल-युस्र म्हणाले, ‘‘सांगितलं नव्हतं? दोन सिग्नल झाले. वरून आदेश आण.’’ सण जवळ आला तसा वगदींनी बहगत बेंकडे जाऊन खरोखरच आदेश आणला. परिपत्रक निघालं: हौदाच्या परिसरातील कोणत्याही कचेरीत चहा ढवळू नये. चहावाला अम्म शलबी साखर किटलीतच उकळून आणू लागला, तर लोक भांडायला उठले. एकाला गोड लागे, एकाला फिकं, एकाला दुसऱ्याच्या साखरेनं आपलं नुकसान झाल्यासारखं वाटे. मॅडम इन्साफनी तो चहा एकदा चाखला, ग्लास खिडकीबाहेर रिकामा केला आणि तेव्हापासून त्या कोरा कडू चहा पिऊ लागल्या, खिडकीत बसून, वगदींकडे बघत. त्या नजरेनं रताळी उकडली असती.

शम्म अन-नसीमची सकाळ उजाडली. सूर्य वर यायच्या आत बागेत सतरंज्या पसरल्या. रंगवलेली अंडी, कांद्याची पात, आणि खारवलेल्या माशांचा असा वास की हत्तीनंसुद्धा सोंड गुंडाळून घेतली. आणि प्रत्येक सतरंजीवर थर्मास, ग्लास, चमचा! वगदींना दारातच घेरी आली. त्यांनी बहगत बेंना गळ घातली आणि पहारेकऱ्यांना हुकूम सुटला: फाटकावर चमचे काढून घ्या.

आमच्या शहरात त्यापूर्वी दोन वेळा संचारबंदी झाली होती. चमचेबंदी पहिलीच. बायका पहारेकऱ्यांना शिव्या देत होत्या, पुरुष म्हणत होते, ‘‘उद्या काटा काढून घ्याल, परवा दात!’’ सगळे चमचे पोत्यात भरून भांडारात जमा झाले, आणि लोक कांद्याच्या पातीनं चहा ढवळू लागले. चव काय लागली देव जाणे, पण आवाज आला नाही.

हौदाशी गर्दी दाटली. कैरोचे पाहुणे खुर्चीवर. डॉक्टर बुसैना तारेची करवत घेऊन तयार. शेजारी त्यांची बंद पेटी. तिच्यात काय आहे ते वगदींना माहीत होतं, म्हणून ते तिकडे बघत नव्हते. त्यांनी खिशातून आपला जाड काचेचा ग्लास काढला. बहगत बेंनी तो पाहिला आणि त्यांचा हात धरला.

‘‘हा? पाहुण्यांसमोर? टपरीवरचा ग्लास?’’ आणि त्यांनी घरून आणलेला चिनी मातीचा, सोनेरी काठाचा कप पुढे केला. सोबत चांदीचा चमचा. ‘‘आणि तो ग्लास इकडे द्या.’’ वगदी काही बोलणार, तोवर साहेबांच्या हातून तो ग्लास निसटला, फरशीवर पडला आणि चमचमत इकडेतिकडे विखुरला.

वगदींनी चिनी कप वाजवला. ‘टुक.’

नफूसानं डोळे वर काढले. ‘टुक टुक.’ तिनं वगदींकडे असं पाहिलं, जसं आपण ओळखीच्या माणसानं भलत्याच नावानं हाक मारली की बघतो. मग ती पाण्याखाली गेली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, ‘‘उस्ताज, साखर कमी पडली!’’ आणि सगळे हसले. वगदींचे कान त्यांच्या लाल टायच्या रंगाचे झाले. पण त्यांना हसण्याचं दुःख नव्हतं. डॉक्टर बुसैना पेटीचं कडं उघडत होत्या. त्यांचा चेहराही उतरला होता.

वगदी वळले आणि भांडाराच्या खिडकीशी गेले.

मॅडम इन्साफ आत बसल्या होत्या. समोर कडू चहाचा ग्लास. जाड काचेचा, नफूसाच्या ओळखीच्या आवाजाचा.

‘‘मॅडम,’’ वगदी म्हणाले. त्यांनी टाय सैल केला, मग काढलाच, आणि मुठीत धरला. ‘‘मॅडम, माझी चूक झाली. आज एकदा ढवळा. तुमच्या मनाला येईल तेवढी साखर घाला. नाहीतर ते तिला भूल देतील, आणि ती उठणार नाही.’’

‘‘परिपत्रक आहे,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘मी भोगेन काय ते.’’

‘‘आणि माझा चमचाही तुमच्या पहारेकऱ्यांनी पोत्यात टाकलाय. जमा माल आहे. बाहेर काढायला सही लागते, गरुड लागतो.’’

वगदींनी डोळे मिटले. मॅडमनी खिडकीतून हौदाकडे पाहिलं. नफूसानं पाण्यातून दोन डोळे वर काढले होते आणि ते थेट या खिडकीकडे लागले होते. उपाशी जनावराचे डोळे, पण त्यांत तक्रार नव्हती. नुसती वाट बघणं होतं. मॅडम इन्साफ उठल्या. कोपऱ्यातल्या पोत्याची गाठ सोडली, आत हात घातला आणि हाताला लागला तो चमचा बाहेर काढला. सही नाही, शिक्का नाही. त्यांच्या साऱ्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं.

‘‘तिच्यासाठी करतेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्यासाठी नाही.’’

ग्लास आणि साखरेचा डबा घेऊन त्या कठड्याशी आल्या, एक, दोन, तीन, चार चमचे घातले, गर्दीकडे बघत सावकाश पाचवा घातला, आणि ढवळायला सुरुवात केली. किण किण किण किण. नफूसा पाणी फाडत आली, कठड्याला छाती लावली आणि जबडा उघडला. कैरोचे पाहुणे खुर्चीसकट मागे सरकले. डॉक्टर बुसैनांनी करवत सुळ्याला लावली.

इथे एक घोटाळा झाला. चमचा वाजल्याबरोबर वगदींचे पाय सुटले. त्यांनी बादली उचलली आणि ते हौदाकडे पळत निघाले. इतक्या दिवसांची सवय. डोकं म्हणत होतं थांब, पाय ऐकेनात.

‘‘धरा त्यांना!’’ डॉक्टर ओरडल्या. ‘‘रताळं मिळालं की ती तोंड मिटेल! धरा!’’

दोन पहारेकऱ्यांनी वगदींना दोन्ही बाजूंनी आवळलं. वगदींचे पाय जागच्या जागी पळत होते. पलीकडे नफूसा तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत होती: येतोय, बिचारा येतोय, धावायला जरा वेळच लागतो त्याला. करवत चालत राहिली. मॅडम इन्साफ ढवळत राहिल्या, कपाळावर घाम, नजर समोर. गर्दीच्या चहात कांद्याची पात तशीच राहिली. नफूसा हलली नाही.

‘टक्’ करून सुळ्याचा तुकडा फरशीवर पडला.

‘‘सोडा आता!’’ डॉक्टर म्हणाल्या. पहारेकऱ्यांनी हात काढले आणि वगदी असे सुटले की कठड्यावर आपटले. सबंध बादली त्यांनी त्या जबड्यात रिकामी केली. नफूसानं कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी चावलं. बायकांनी झगारीत घातली, त्यांचा तो आनंदाचा किलबिलता कल्लोळ बागभर उठला, आणि बहगत बेंनी तेवढ्यात समारोपाचं भाषण उरकून घेतलं.

‘‘उस्ताज वगदी,’’ डॉक्टर बुसैना हात धूत म्हणाल्या, ‘‘उघडं ठेवायला तुम्हीच शिकवलंत तिला. तुम्हाला पळत यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा धीर ती धरायला शिकली. तुमचं पोट थोडं लहान असतं ना, तर आज जमलं नसतं.’’

वगदींना आयुष्यात पुष्कळ प्रशस्तिपत्रकं मिळाली नव्हती. हे त्यांनी ठेवून घेतलं.

मॅडम इन्साफ तो पाच चमच्यांचा चहा तिथेच उभ्यानं प्यायल्या. वगदींनी त्यांना रताळ्याचा एक तुकडा पुढे केला. त्यांनी आधी नाक मुरडलं आणि मग घेतला. परिपत्रक मागे घेतलं गेलं. चमच्यांच्या पोत्यातून आपला चमचा ओळखायला सगळं शहर भांडारापुढे रांगेत उभं राहिलं, आणि त्या दिवसापासून कित्येक घरांत दुसऱ्याच घरचे चमचे आहेत. माझ्याकडेही एक आहे. चांगला जड आहे, म्हणून मी बोलत नाही. उमऱ्याहून कारकून परतला, तेव्हा वगदींना गरुडाच्या शिक्क्यानिशी शिट्टी मिळाली. ती त्यांनी हाज अबुल-युस्रना देऊन टाकली. ते आता ती पहाटे गच्चीवरून वाजवतात आणि कबुतरांना फलाट बदलायला लावतात.

गोष्ट इथे संपली असती. पण अवातिफ काही विसरली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात तिनं वगदींना नवा टाय घ्यायला जाऊ म्हणून बाहेर काढलं आणि बोलता बोलता एका जिन्यावर चढवलं. वर पोचल्यावर औषधाचा वास आला, तोवर उशीर झाला होता. दंतवैद्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर ओढला आणि म्हणाला, ‘‘आ करा, उस्ताज.’’

वगदींनी ओठ मिटले ते मिटलेच.

‘‘दुखणार नाही.’’

वगदींनी मान हलवली. नाकातूनच ‘उंहूं’ म्हटलं.

‘‘उस्ताज, तुम्ही तर पाणघोडीचं तोंड उघडलंत म्हणे. सगळं शहर सांगतंय. आपलं तरी उघडा.’’

वगदींनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि छताकडे पाहायला लागले. डॉक्टरनं हताश होऊन अवातिफकडे पाहिलं. ती शांतपणे उठली. पर्समधून तिनं फडक्यात गुंडाळलेला काचेचा ग्लास काढला, मग चमचा काढला, आणि काठावर अलगद वाजवला.

किण किण.

वगदींचं तोंड उघडलं. त्यांनी उघडलं नाही, ते उघडलं. आत पार घशापर्यंत उजेड पडला. डॉक्टरही अनुभवी, त्यानं आश्चर्य करण्यात वेळ घालवला नाही. दाढ हातात आली तरी वगदी छताकडेच बघत होते, आणि अवातिफ ढवळतच होती.

‘‘झालं!’’ डॉक्टर म्हणाला. ‘‘आता संध्याकाळपर्यंत काही खायचं नाही.’’

तोवर अवातिफनं पर्समधून कागदाची पुडी काढली होती. आत बस्बूसाची एक वडी, पाकानं चकाकणारी. वगदींचं तोंड अजून उघडंच होतं. वाट बघत.

‘‘बाई, नको!’’ डॉक्टर ओरडला. ‘‘मी काय सांगितलं?’’

‘‘तुमचं बरोबर आहे, डॉक्टर,’’ अवातिफ म्हणाली आणि वडी उजव्या बाजूनं अलगद आत सरकवली. ‘‘पण अजून एक दाढ राहिलीय. आज दिलं नाही, तर पुढच्या वेळी हे उघडायचे नाहीत.’’